केंजीच्या बहिणीबरोबर पवनीला

आग्या मोहोळ उठलं तेव्हा फुमिएबाई डोळे मिटून, हात जोडून घाटावर उभ्या होत्या आणि मी ओरडत होते, "पळ वं बाई, पळ!" त्यांना मराठी येत नाही. दोन्ही भाषा येणारे आपटे सर पहिला डंख बसताच वैनगंगेत उडी मारून मोकळे झाले होते. ड्रायव्हर मोरेश्वर वर रस्त्यावर गाडीच्या काचा लावून बसला होता आणि आतून हातवारे करत होता.

ज्यांनी आग्या मोहोळ पाहिलं नाही त्यांना सांगते. सुपाएवढं काळं पोळं झाडाला लोंबतं. त्यातली एकेक माशी बोटाच्या पेराएवढी. ती चिडली की बैलालाही सोडत नाही. फुमिएबाईंचं वय एक्याऐंशी, वजन एखाद्या शाळकरी मुलीएवढं.

पळणं आम्हा दोघींच्या गुडघ्यांत नव्हतं. माझ्या हातात कोरं नऊवारी लुगडं होतं. मी बाईंचा दंड धरून त्यांना पायरीवर आडवं पाडलं, स्वतः त्यांच्या अंगावर पडले आणि लुगड्याची चौपदरी घडी दोघींवर ओढून घेतली. तेवढ्या वेळात माझ्या मानेला पाच-सहा आणि ओठाला एक चावली.

लुगड्याखाली अंधार होता आणि नव्या सुताच्या खळीचा वास. वर घूं घूं चाललेलं. फुमिएबाई थरथरत होत्या. माझ्या मनात आलं, याच घाटावर हिच्या भावाला जाळलं, आता ही पण इथेच जाणार. मग पन्नास वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली एक गोष्ट मी त्यांच्या कानाशी बोलायला लागले. त्यांना एक शब्द कळणार नव्हता, म्हणून बोलता आली.

काय बोलले ते पुढे येईल. आधी जपानची लेखिका माझ्या लुगड्याखाली कशी आली ते सांगते.

नागपूर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. एकोणीस वर्षांची असताना मी पवनीच्या विणकर घरात सून होते. घरात चार माग, सासू घरची मालक. त्या साली केंजी नावाचा तेवीस वर्षांचा जपानी मुलगा आमच्याकडे राहायला आला. त्याच्या बापाचा रेशमाचा कारखाना होता आणि याला आमचा कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, शिकायचा होता. आठ महिने राहिला, कावीळ झाली आणि वारला. दिल्लीहून साहेब लोक आले, डब्यात राख भरून घेऊन गेले. त्यानंतर माझा नवरा गेला, सासू गेली, माग गेले आणि मी नागपूरला नंदनवनात मुलाकडे राहायला आले.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून आपटे सरांचा फोन आला. ते जपानी शिकवतात. त्यांनी एका जपानी बाईंची कादंबरी मराठीत केली होती आणि त्या बाई केंजीच्या थोरल्या बहीण निघाल्या. आपटे सरांनी पवनीच्या विणकरांमध्ये विचारत विचारत माझा नंबर काढला होता. त्यांनी पुस्तक पाठवलं. मला ते वाचायला दीड महिना लागला. त्यात एक घर आहे. घरातला मुलगा परमुलखात जातो आणि मरतो. आई रोज त्याचा भाताचा वाडगा मांडते, बाप बोलणं सोडतो, बहीण खिडकीपाशी बसते. दोनशे पानांत कोणी पोटभर जेवत नाही. हे सगळं मी चालवून घेतलं. पण शेवटी तो मुलगा एका झोपडीत एकटा मरतो आणि त्याला पाणी द्यायलाही कोणी नसतं, असं लिहिलं होतं. तिथे मी पुस्तक मिटलं ते उघडलं नाही.

फेब्रुवारीत फुमिएबाई आल्या. पांढरे कापलेले केस, पायात पोरांसारखे बूट, पाठीवर पिशवी. दारातच त्या कमरेत वाकल्या. मीही वाकले. त्या परत वाकल्या. चार वेळा असं झाल्यावर मी सोडून दिलं, कारण माझी कंबर धरली.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, पुस्तक कसं वाटलं.

"खोटं आहे," मी म्हटलं.

आपटे सरांनी बशी खाली ठेवली. "मावशी, जरा वेगळ्या शब्दांत सांगता का?"

"वेगळे शब्द मले येत नाही. हेच सांगा तिले."

ते जपानीत बरंच बोलले. फुमिएबाईंनी हसून मान हलवली. "गोड करून सांगितलं ना तुम्ही?" मी म्हटलं. सर लाल झाले. मग दोन शब्द बोलले. फुमिएबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, नेमकं काय खोटं आहे.

"पाणी द्यायले कोणी नव्हतं म्हणते ना ती? माझी सासू होती. तिच्या मांडीवर डोकं होतं त्याचं. चमच्यानं पाणी पाजून राहिली होती. भर दुपारी गेला तो, घरात दहा माणसं होती."

सर सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. लिहिणं झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. मला वाटलं आता रडतील. त्यांनी विचारलं, चमचा कशाचा होता?

"पितळेचा," मी म्हटलं. बाई मला तेव्हाच आवडली.

त्यांना शेवटचे सगळे दिवस हवे होते, एकेक करून, पवनीच्या त्याच घरात बसून. मी हो म्हटलं. म्हणताना मला माहीत होतं की त्यातला एक दिवस मी सांगणार नाही.

दुपारी आम्ही गांधीबागेच्या कापडबाजारात गेलो. केंजी आमच्या घरात राहिलेला, त्याची बहीण म्हणजे माहेरवाशीण. तिला साडीचोळीशिवाय कसं पाठवायचं? दुकानदार म्हणाला, "आजी, नऊवारी आता कोण नेसते जी? सहावारी घेऊन जा."

"मग मी काय पोतं नेसून राहिली का?"

त्याने खालच्या फळीवरून हातमागाचं काढलं, जाड सुताचं, जांभळं. फुमिएबाईंनी काठ उलटून मागची बाजू पाहिली, दोन बोटांत कापड चोळलं, कानाशी नेलं. रेशमाच्या घरातली बाई. दुकानदाराने माझ्याशी वाद घालणं सोडून तिच्यासाठी खुर्ची मागवली.

उमरेड, भिवापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. आपटे सरांनी तर्री बाजूला काढून कोरडे पोहे खाल्ले. फुमिएबाईंनी तर्री प्यायली, नाक पुसलं, कान पुसले आणि वाटी पुढे केली. मोरेश्वर म्हणाला, "मावशी, जपानची हाय की आपल्या नागपूरच्या इतवारीची?"

उमरेड रस्त्याने जाताना त्यांनी आपलं सांगितलं. तार आली त्या दिवशी बापाने कारखाना बंद केला. आईने केंजीचा वाडगा तीस वर्षं मांडला, स्वतः मरेपर्यंत. बाईंचं लग्न झालं, नवऱ्याने सोडलं, कारण त्यांच्याही घरी ताटाशेजारी केंजीचा वाडगा मांडला जाई. पुस्तकं अकरा. प्रत्येकात कोणीतरी घरून जातं आणि परत येत नाही.

"अकरा पुस्तकं आन् भाऊ एकच?" मी विचारलं.

सरांनी यावेळी गोड न करता सांगितलं. बाई म्हणाल्या, हो, एकच.

"मंग इतके वर्षं आली काहून नाही?"

त्या म्हणाल्या, आधी बापाने जाऊ दिलं नाही. नंतर भीती वाटली. तो कसा मेला ते माहीत नव्हतं म्हणून लिहिता येत होतं. कळलं तर काय लिहायचं? आता एक्याऐंशीव्या वर्षी लिहिण्यापेक्षा माहीत होणं बरं वाटतं.

आमच्याकडे मेल्यावर पिंडाला कावळा शिवला की माणूस सुटलं म्हणतात आणि तेराव्याला गोड करून मोकळे होतात. यांच्याकडे मोकळं होण्याची सोय दिसत नाही. मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

भिवापूरला मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेतभर लाल. फुमिएबाई गाडी थांबवून उतरल्या, मिरच्यांच्या मधून चालल्या, एक उचलून बोटांनी मोडून पाहिली आणि त्याच बोटाने डोळा चोळला. पुढचा अर्धा तास एक शेतकरीण त्यांच्या डोळ्यावर थंड दुधाची पट्टी धरून बसली होती आणि मोरेश्वर सरांना म्हणत होता, "तुम्ही सांगाले पायजे होतं ना सर, मिरचीले जपानीत काहीतरी म्हणत असतीन." एक डोळा लाल घेऊन बाई गाडीत बसल्या आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, घरी आई म्हणायची, केंजी बघून शिकतो, तू हात लावून शिकतेस.

पवनी

आमचं घर आता दुसऱ्याचं आहे. पुढे मोबाइलचं दुकान, मागे राहतात. भली माणसं. आत घेतलं, चहा केला. माग ज्या खड्ड्यांत बसवलेले होते ते खड्डे सिमेंटने बुजवले आहेत, पण फरशीचा रंग तिथे वेगळा आहे. मी त्यावर उभी राहून दाखवलं, इथे माझा नवरा बसे, इथे दीर. आणि तिकडे भिंतीकडे तोंड करून तुझा भाऊ.

भिंतीकडे काहून, असं सरांनीच विचारलं. 'का' नाही, 'काहून' म्हणाले. दोन दिवसांत माणूस सुधारला होता.

कोशाचा धागा आमच्या बायका उघड्या मांडीवर वळून काढत. लुगडं वर खोवायचं, मांडीला राख लावायची आणि उकडलेल्या कोशाचे तंतू तळव्याने वळायचे. हे शिकायला परका तरुण पोरगा आलेला. सासू म्हणाली, "पाठ करून बस गा पोट्ट्या. बायकायच्या मांड्या पाहून शिकशीन का? आवाज आयकून शिक." महिनाभर तो भिंतीकडे तोंड करून बसला. तळहात मांडीवर घासल्याचा आवाज ऐकायचा आणि विचारायचा, "माय, आता?" आम्ही हसून हसून धागे तोडत होतो.

मग एक दिवस त्याने स्वतःची चड्डी वर केली, राख लावली आणि धागा काढायला बसला. त्याच्या पायावर केस नव्हते. आमच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाला ते जमलं नसतं. धागा असा निघाला की सासूने उजेडात धरून पाहिला आणि नवऱ्याला हाक मारली, "पाय रे, तुह्या बायकोपरीस बरा काढून राहिला." पुढे तो होता तोवर गावातल्या बायका त्याच्या मांडीच्या चौकशीला येत.

फुमिएबाई सरांचं ऐकताना आधी तोंडावर हात धरून हसल्या. मग हात काढून हसल्या. मग त्यांना खाली बसावं लागलं. त्या सिमेंटवर पाय लांब करून बसल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि मला आपली पोटरी दाखवली. एक केस नाही. मोबाइलच्या दुकानातली पोरं वाकून बघायला लागली तेव्हा मी पँट खाली ओढली.

मग त्यांनी वही उघडली आणि आजाराचे दिवस विचारले. मी सांगितले. डोळे पिवळे झाले तो दिवस. डॉक्टर आला तो दिवस. त्याने तेल-तूप विष आहे म्हणून बजावलं. ताक, उसाचा रस. पाचवा दिवस, मग सातवा. बाईंनी पेन थांबवलं आणि सरांमार्फत विचारलं, सहावा?

"तसाच," मी म्हटलं. "काही झालं नाही."

घाट

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. आम्ही नदीवर गेलो. मी जागा दाखवली, पाण्यापासून चार पायऱ्या वर, अर्जुनाच्या मोठ्या झाडाखाली. त्या झाडाला दर वर्षी आग्या मोहोळ लागतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी वर पाहिलंही. काळं काहीतरी लोंबत होतं. मी मनात म्हटलं, जुनं असेल, रिकामं असेल. ही चूक माझी.

आम्ही मेलेल्यापुढे दोन उदबत्त्या लावतो. फुमिएबाईंनी पिशवीतून अख्खा जुडगा काढला, मुठीएवढा. सर म्हणाले, त्यांच्याकडे कबरीपुढे असा जुडगाच पेटवतात. मी म्हटलं, लावू द्या. भाताची वाटी ठेवली, तिच्यात त्यांच्या जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचल्या. जुडगा पेटला, धूर सरळ वर गेला. बाईंनी डोळे मिटले. मी लुगडं द्यायला पुढे झाले आणि वरचा आवाज बदलला.

पुढचं तुम्ही वाचलं आहे.

किती वेळ पडून होतो ते सांगता येत नाही. एका ढिवराने, म्हणजे मासे धरणाऱ्याने, ओल्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग पेटवला. उदबत्तीचा धूर माशांना चिडवतो आणि तणसाचा दाट धूर हाकलतो. त्याने आमच्यावर भिजलेली पोती टाकली आणि दोघींना पोत्यांसकट ओढत वर नेलं. आपटे सर गळाभर पाण्यात उभे होते. त्यांनाही काढलं. मोरेश्वरने गाडी अशी हाणली की दवाखान्याच्या दारातली कोंबडी झाडावर गेली.

इंजेक्शन, सलाइन. दोघींच्या खाटा शेजारी. नर्स चिमट्याने काटे उपटून वाटीत टाकत होती. फुमिएबाईंचे डोळे सुजून बंद झाले होते, ओठ माझ्यासारखेच भाकरीएवढे. बाहेर अजून ऊन होतं. त्या हळूच काहीतरी बोलल्या.

सर टॉवेल गुंडाळून मधे बसले होते. "मावशी, त्या विचारताहेत, कापडाखाली तुम्ही काय सांगत होतात?"

देवाचं नाव घेत होते म्हटलं असतं तर चाललं असतं. सरांनीही तेच धरलं असावं, कारण ते उत्तराची वाट न पाहता तोंड उघडत होते.

"थांबा जी," मी म्हटलं. "सहाव्या दिवसाचं सांगत होती मी."

सहाव्या दिवशी सासू नदीवर गेली होती. मी चुलीपाशी मासोळी तळत होते, घरच्यांसाठी. केंजी ओसरीवर खाटेवर. त्याला तेलाचा आवाज ऐकू गेला. त्याने हाक मारली, "वहिनी," आणि हाताने खायची खूण केली. मी नाही म्हटलं. त्याने हात जोडले. चार-पाच दिवस ताकावर होता. मी दोन तुकडे दिले. त्याने काटेसुद्धा चोखले आणि तिसरा मागितला. मी तिसराही दिला. तवा घासून ठेवला. त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. सासूला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, कोणालाच नाही.

"माझ्या मासोळीनं गेला का तसाही गेला असता, मले मालूम नाही. तिले सांगा. गोड करू नका."

आपटे सर जपानीत बोलले. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी गोड केलं नाही. बोलता बोलता दोनदा थांबले.

नर्सने दोन काटे काढले. मग फुमिएबाईंनी विचारलं, "तीन?" हा एक शब्द मला जपानीत कळला, कारण त्यांनी बोटं वर केली होती.

"तीन."

केवढे, असं विचारलं.

"मधले. हातभर मासोळी होती."

खाट हलायला लागली. मी नर्सला हाक मारणार होते, पण बाई हसत होत्या. सुजलेल्या तोंडाने हसताना दुखत होतं म्हणून हं हं करत हसत होत्या आणि बंद डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्या बोलल्या आणि सर सांगत गेले.

त्या म्हणाल्या, मासोळीने काय झालं ते मलाही माहीत नाही आणि आता सांगणारं कोणी नाही. पण आई तीस वर्षं रोज विचारायची की तो उपाशी गेला का. मी अकरा पुस्तकं लिहिली. माझ्या एकाही पुस्तकात कोणी तिसरा तुकडा मागत नाही.

"लिवा मंग आता," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, आधी कशी तळली ते सांगा.

मी सांगितलं. हळद, मीठ, तिखट, तांदळाचं पीठ, जवसाचं तेल. त्यांनी वही मागितली, पण डोळे उघडत नव्हते, म्हणून आपटे सरांनी लिहून घेतलं. नर्सनेही ऐकलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पीठ नाही लावत जी." त्यावर माझं आणि तिचं थोडं वाजलं.

दोन दिवसांनी दवाखान्यातून सुटलो तेव्हा त्या ढिवराच्या घरी जेवायला गेलो. मी स्वतः तळली. फुमिएबाईंनी दीड तुकडा खाल्ला आणि पोट भरलं म्हणून खूण केली. उरलेलं मोरेश्वरने संपवलं. घाटावर ओढताना भोकं पडलेलं, धुराचा वास येणारं जांभळं लुगडं त्यांनी धुवून घडी करून पाठीवरच्या पिशवीत घातलं. मी म्हटलं दुसरं घेऊ, तर ऐकलं नाही. ढिवराच्या अंगणात आम्ही एकमेकींपुढे वाकलो. यावेळी दोनदाच.

आपटे सर म्हणाले, मावशी, हे तुम्ही लिहा, शुद्धलेखन मी बघतो. म्हणून लिहिलं. त्या दिवशी पवनीच्या घाटावर आम्ही चौघे होतो. नर्सने मोजलेले काटे फुमिएबाईंचे एकतीस, माझे चव्वेचाळीस, आपटे सरांचे नऊ. मोरेश्वरला एकही चावली नाही. चौघेही जगलो.